मांडे खाऊन गेलेले सर

दिपमालाला बारावीला ब्याण्णव टक्के पडले त्या दिवसापासून सुकदेवच्या डोक्यावरची टोपी तिरपी झाली, ती काही सरळ व्हायला तयार नव्हती. साक्रीच्या बाजारात मिरची घ्यायला गेला तरी तो मिरचीवाल्याला आधी मुलीचे मार्क सांगायचा आणि मग भाव विचारायचा. त्याची बायको भिकुबाई पिशवी धरून मागे उभी असायची. तिला हसू यायचं आणि धाकधूकही वाटायची. धुळ्याच्या कॉलेजात पोरीचं नाव लागलं होतं खरं, पण नाव लागणं वेगळं आणि तिथं राहून शिकणं वेगळं. चार बिघे कोरडवाहू जमीन, मातीच्या धाब्याचं घर आणि एक बैल, एवढ्या भांडवलावर धुळ्याचं होस्टेल कसं पेलायचं, हे तिला मिरचीच्या ढिगापाशी उभं राहूनही कळत होतं.

प्रवेशाच्या वेळी कॉलेजातल्या बाईंनी दोन कागद दिले होते. एक गुणवत्ता शिष्यवृत्तीचा अर्ज, दुसरा गरजू विद्यार्थी सहाय्याचा. दिपमालानं ओट्यावर बसून ते बापाला वाचून दाखवले. पहिल्यात नव्वदच्या वर मार्क असतील तर अर्धी फी माफ होती. पण दर वर्षी ऐंशीच्या वर राहायला हवं, घसरलं की बंद. दुसऱ्यात पास होण्यापुरते मार्क चालत होते. घरची परिस्थिती पाहून उरलेली फी, होस्टेल आणि मेस मिळणार होती. दोन्ही एकाच वेळी घेता येत होते.

"पहिला भर," सुकदेव म्हणाला.

"आबा, दोन्ही भरना पडतीन. नुसता पहिलावर होस्टेलनं भागत नही."

"गरजू?" सुकदेवनं तोंडात खडा आल्यागत तो शब्द बाहेर टाकला. "गरजू म्हंजे मांगता. मनी पोर, मनी आंडेर हुशार शे. हुशारीना पैसा लेसूत, गरजूना नही. झाकेल मूठ सव्वा लाखनी!"

"मंग होस्टेलनं काय?"

"मका इकसूत."

मका तेव्हा घोट्याएवढा होता.

दिपमाला पुढे बोलली नाही. न बोलण्याची सवय तिला दहावीपासून लागली होती. दहावीच्या परीक्षेत तिला ताप भरला आणि शाळेत तिचा दुसरा नंबर आला. सुकदेव रागावला नाही, त्यानं हातही उगारला नाही. फक्त "दुसरा?" एवढं म्हणून तो शेतात निघून गेला आणि दोन दिवस घुम्यासारखा राहिला. त्याच्या मनात फार काही नसेलही, पण पोरीनं ते गिळून ठेवलं. बारावीच्या वर्षात तिच्या फणीत केसांचे पुंजके येत होते. भिकुबाई ते रोज वळून कोनाड्यात ठेवायची आणि कोणाला सांगायची नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिपमाला चुलीपाशी आली. "माय, येवर सही कर."

"कसानी शे?"

"होस्टेलनी."

भिकुबाईनं पदराला हात पुसले आणि लेकीनंच शिकवलेली चार अक्षरं काढली. कागदाच्या कोपऱ्याला बाजरीचं पीठ लागलं. नवऱ्यापासून लपवून केलेली तिच्या आयुष्यातली ती पहिली गोष्ट असेल. माहेरी पाठवलेला एखादा शेर गूळ सोडला तर.

पुढच्या आठवड्यात एक दिवस दिपमाला सकाळच्या एसटीनं साक्रीला उत्पन्नाचा दाखला आणायला गेली. ती गेली आणि तासाभरात सुकदेवचा फोन वाजला.

"सुकदेवभाऊ का? मी कॉलेजातून भूषण सर बोलतोय. दिपमालाच्या शिष्यवृत्तीसाठी आज तुमचं घर पाहायला येतोय. अकरापर्यंत पोचेन."

घर पाहायला! आपल्याकडे घर पाहायला माणसं येतात ती एकाच कामाला, आणि त्या कामाला कसं घर दाखवायचं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सुकदेवला वाटलं, एवढी हुशार पोर कसल्या घरातून आली ते पाहायला सर येताहेत. भिकुबाईच्या मनात दुसऱ्या अर्जाची पाल चुकचुकली नाही, असं नाही. पण तिनं विचार केला, पाहणं ते पाहणंच. पाहुण्याला कोणी फाटकी गोधडी दाखवत नाही. विचारावं तर पोर साक्रीत, आणि घरात फोन एकच.

गल्लीनं हात आखडला नाही. दोन घरं सोडून राहणाऱ्या जीवराम नानांनी मुलाच्या लग्नातला सोफा गाडीवर घालून धाडला. अट एकच, की वरचं प्लास्टिक काढायचं नाही. रुपचंदचा कूलर आला. सुंदरबाईनं स्टीलची ताटं दिली, कपबशा दिल्या आणि वाटीभर तूप दिलं. शेजारच्या कौतिकनं तर न सांगता आपला बैल आणून सुकदेवच्या बैलाशेजारी बांधला.

"एकला बैल बरा दिसत नही, वहिनी," तो म्हणाला.

भिकुबाईनं खापर चुलीवर पालथं घातलं. गावात मांडे करावेत तर तिनंच. पुरण भरलेला गोळा ती दोन्ही हातांवर खेळवत कोपरापर्यंत पसरवायची, पार पातळ करायची आणि एका झटक्यात खापरावर टाकायची. त्या दिवशी घाईत दोनदा मनगट भाजलं. धुरानं डोळे चुरचुरत होते, पण तिला मनातून बरं वाटत होतं. पोरीसाठी आपल्याला करता येण्यासारखं एक तरी काम निघालं होतं.

भूषण सर मोटारसायकलवरून आले. तिशीतला सडपातळ माणूस, भुवयांपर्यंत धूळ, बगलेत फाइल. "फक्त दहा मिनिटं," ते म्हणाले. "जेवण वगैरे काही नको." खान्देशात पाहुण्याच्या 'नको'ला कोण विचारतो! दोन मांडे त्यांनी खाल्ले, तिसरा ताटात पडला तो त्यांना समजलाच नाही.

"शेती किती आहे?" त्यांनी विचारलं.

"शे ना! भरपूर शे," सुकदेव म्हणाला.

"बैलजोडी?"

"ती काय, बांधेल शे."

सरांनी जोडीकडे पाहिलं, कूलरकडे पाहिलं, बुडाखालच्या प्लास्टिकचा कुरकुर आवाज ऐकला आणि फाइलीत काहीतरी लिहिलं. उठताना त्यांनी दाराआड उभ्या असलेल्या भिकुबाईला विचारलं, "मावशी, घरात काही अडचण? काही कमी आहे का?"

"नही सर," भिकुबाई पदर सावरत म्हणाली. "देवनी दया शे. काहीच कमी नही."

दिपमाला दोन वाजता आली तेव्हा सोफा परत गाडीवर चढत होता. भिकुबाईनं तिला हौसेनं सगळं सांगितलं. सर कसे नको म्हणाले, तीन मांडे कसे खाल्ले, शेवटी काय विचारलं.

"आन तू काय सांगं?"

"काहीच कमी नही म्हनीसन."

पोर ओरडली नाही. दाखल्याचा कागद मांडीवर घेऊन ती उंबऱ्यावर बसली. बाप ऐकत नाहीसं पाहून हळू म्हणाली, "माय, कमी काय शे तेच देखाले उनथात ना त्या."

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं लोक हसून म्हणतात. भिकुबाईला हसू आलं नाही. भाजलेलं मनगट तिनं पदराखाली घेतलं आणि उष्टी ताटं घासायला बसली, कारण ती सुंदरबाईची होती.

आठ दिवसांनी फोनवर निरोप आला. गुणवत्ता शिष्यवृत्ती मंजूर. गरजू सहाय्य: गृहभेटीत आर्थिक गरज आढळून आली नाही, हरकत असल्यास पालकांनी सोमवारपर्यंत समक्ष भेटावे. होस्टेलची जागाही सोमवारपर्यंतच राखून ठेवली जाईल.

सुकदेवनं निरोप दोनदा वाचला. "दुसरा कागद कोनी भरा?"

"सही मनी शे," भिकुबाई म्हणाली.

तो जेवला आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

दुसऱ्या दिवशी कपाशीत कोळपणी होती. पावसानं पंधरा दिवस ओढ दिली होती. वरची माती भुकटी झाली होती आणि गवत मात्र कपाशीच्या वर डोकं काढत होतं. सुकदेव कोळप्यामागे चालत होता. त्याच्या सदऱ्यावर मिठाचे पांढरे डाग उमटले होते. भिकुबाई विळा घेऊन मागच्या ओळीत निंदत होती. सकाळपासून दोघांत एक शब्द नव्हता. शनिवार होता. मध्ये एकच दिवस उरला होता.

ऊन डोक्यावर आलं तशी ती उठली आणि सरळ बैलांच्या पुढे जाऊन उभी राहिली.

"हाऊ बैल कोना शे?"

"कौतिकना. तुले म्हाईत नही का?"

"दुसराना बैल आनीसन शेत करतस. तुमले लाज नही वाटत?"

"त्यामा कसानी लाज? सावड शे ती. आज त्याना बैल मना कडे, सकाय मना त्याना कडे."

"मंग हाई बी सावडच समजा. आज कॉलेज आपली पोरले पोशी, सकाय आपली पोर दुसरी कोनले पोशी. त्यामा मांगता कसा व्हयना तुम्ही?"

सुकदेवनं घाम पुसला. "तिनी हुशारी शे ना. मंग गरजूनं काय काम?"

"पोळाले पहिला नंबरना बैलले झूल भेटस," भिकुबाई म्हणाली. तिचा आवाज चढला होता आणि तिला थांबवत नव्हतं. "चांगली गोट शे, भेटू द्या. पन वैरन? वैरन काय नंबर देखीसन टाकतस तुम्ही? दमेल बैलले पहिले टाकतस का नही? ती पोर दमेल शे. तिना केस देखात कधी?"

सुकदेवनं बैल हाकलले आणि आणखी दोन ओळी काढल्या. बांधावर आल्यावर त्यानं जू सोडलं, कौतिकच्या बैलाला आधी पाणी दाखवलं, मग आपल्या. तोंडावर पाण्याचा हबका मारला. सदऱ्यानं तोंड पुसत म्हणाला, "सोमवारनी पहिली एष्टी कितला वाजता शे?"

कॉलेजच्या कचेरीबाहेर बाकावर आणखी चार-पाच पालक बसले होते. आत शिष्यवृत्ती समितीच्या प्रमुख मृणाली मॅडम होत्या आणि बाजूच्या टेबलाशी भूषण सर आणि एक कारकून. सुकदेव दाराशीच थांबला, टोपी हातात घेऊन. दिपमाला त्याच्याजवळ उभी राहिली. भिकुबाई एकटी पुढे गेली. रस्ताभर जुळवलेलं सगळं तिच्या डोक्यातून निघून गेलं होतं, तेव्हा उरलं तेच ती बोलली.

"सर, त्या दिनले तुम्ही बठेल व्हतात तो सोफा जीवराम नानाना व्हता. कूलर रुपचंदना. ताटं सुंदरबाईना. तूप बी तिनंच. दोन बैलमाईन एक कौतिकना."

भूषण सरांचे कान लाल झाले. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग मावशी, तुमचं काय होतं?"

भिकुबाईनं खरंच आठवून पाहिलं. "पीठ आमनं व्हतं," ती म्हणाली. "आन हात मना."

"पण मावशी," सर कळवळून म्हणाले, "मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्हीच म्हणालात, काही कमी नाही."

"पाहुनाले कोन सांगस, सर, आमना घर मा कमी शे म्हनीसन?"

मॅडम हसल्या. त्या हसण्यात टर नव्हती. त्या अमळनेरकडच्या होत्या आणि अशाच घरात वाढल्या असाव्यात. "भूषण सर, तुम्ही पुण्याचे," त्या म्हणाल्या. "खान्देशात गृहभेटीला फोन करून जायचं नसतं." मग भिकुबाईकडे वळून म्हणाल्या, "अहवाल बदलता येईल, मावशी. पण जमीन वडिलांच्या नावावर आहे. गरज आहे असं त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून द्यायला हवं."

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. बाकावरच्या पालकांनीसुद्धा माना वळवल्या. सुकदेवच्या हातात टोपी होती. तिचं काय करावं ते त्याला समजेना, म्हणून त्यानं ती लेकीच्या हातात दिली. तो टेबलापाशी आला आणि पेन घेतलं. कारकून सांगत गेला आणि तो शाळेतल्या पोरासारखा मोठमोठ्या अक्षरांत लिहीत गेला: मी, सुकदेव, जमीन चार बिघे कोरडवाहू, बैल एक, घर धाब्याचं.

"पुढे लिहा," कारकून म्हणाला. "माझे कुटुंब गरजू आहे."

पेन थांबलं. भिकुबाईला वाटलं, आता हा उठतो आणि निघून जातो. 'गर' एवढं लिहून सुकदेवनं मान वळवली. "दिपा, जू ले उकार पहिला का दुसरा?"

"दुसरा, आबा."

"दुसरा," तो म्हणाला आणि त्यानं तो जपून, नीट वळण देऊन काढला. खाली सही केली.

मॅडमनी कागद वाचला, शेरा मारला आणि सरांना खाली नवा अहवाल लिहायला सांगितलं. भूषण सर लिहून झाल्यावर उठून भिकुबाईजवळ आले. "मावशी, मी चुकलो. मला बैल मोजायचे होते, गल्ली मोजून आलो."

"चुकनात नही सर, जेवनात," भिकुबाई म्हणाली, आणि मग मात्र तिला रडू आलं. उरलेली फी, होस्टेल, मेस, सगळं मिळालं होतं. तिनं मॅडमना हात जोडले, सरांना जोडले, कारकुनालाही जोडले. ज्यांनी सोफा दिला होता, तूप दिलं होतं, त्यांचाही तिला आता राग येत नव्हता. ती माणसं आपल्या पोरीसाठीच धावली होती. देणाऱ्यांनी दोन्हीकडून दिलं होतं आणि आपण मधे उगाच लाजत बसलो, असं तिला वाटलं.

गुरुवारी तिघं पुन्हा धुळ्याला आली. होस्टेलची खोली चौघींची होती. लोखंडी खाट, भिंतीतलं कपाट, खिडकीबाहेर कडुनिंब. भिकुबाईनं गादीवर घरून आणलेली चादर घातली, दोनदा काढली आणि दोनदा घातली. मेसच्या बाईंना ती जाऊन भेटली, आमटीत काय घालता ते विचारून आली. सुकदेवनं कपाटाची कडी ओढून पाहिली, खाट हलवून पाहिली. मग पाहण्यासारखं काही उरलं नाही.

"जातस आमी," तो म्हणाला.

दिपमाला ताठ उभी होती, बारावीच्या पेपरला जाताना उभी राहायची तशी. ओठ घट्ट मिटलेले. एकदम म्हणाली, "आबा, वरीसभरमा ऐंशी नही पडनात तं?"

भिकुबाईचा हात पिशवीवरच थांबला. सुकदेव खिडकीकडे पाहत होता.

"नही पडनात तं नही पडनात," तो म्हणाला. "पहिलं जाई. दुसरं शे ना, ते नंबर देखीसन नही देल त्यासनी. तू पास व्हय, बस. टाइमवर जेवत जाय. ताप उना तं पेपर सोडीसन निजी ऱ्हाय." त्यानं घसा खाकरला. "दहावीले मी जे म्हनं ना, ते चुकीनं म्हनं व्हतं. दुसरा उना काय, इसावा उना काय, तू मनी आंडेर शे."

दिपमालानं दोन पावलं टाकली आणि बापाच्या खांद्यावर कपाळ टेकलं. आधी तिचे खांदे हलले, मग ती लहान लेकरासारखी मोठ्यानं रडायला लागली. दारातून जाणारी एक मुलगी थबकली आणि हळूच पुढे गेली. सुकदेवला काय करावं सुचेना. तो तिच्या पाठीवर नुसता थापटत राहिला, दमलेल्या जनावराला थापटावं तसा.

भिकुबाईनं तिला रडू दिलं. दहावीनंतर पोर पहिल्यांदाच रडत होती. कॉलेजनं फी दिली, मेस दिली, खाट दिली. पण आज जे मिळालं ते तिनं कुठल्याच अर्जात मागितलं नव्हतं.